कायमचा सतरा मार्च

रोज सकाळी कारखान्याचं कुलूप काढलं की फर्मेवाला सगळ्यात आधी एक खोटं बोलत असे. तोंडाने नव्हे, बोटाने. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू करायचा, घरघर करत तो जागा होईपर्यंत डगला खुंटीला लावायचा, चष्मा पुसायचा, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात जिथे तारीख दिसते तिथे जाऊन ती मागे न्यायची. सतरा मार्च, साल नऊ वर्षांपूर्वीचं. मगच तो फर्म्यांचा प्रोग्रॅम उघडी. बाहेर ऊन असो की थंडी, त्या कॉम्प्युटरमध्ये नऊ वर्षं एकच दिवस चालला होता.

फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. जोडा माणसाच्या पायात जायच्या आधी फर्म्यावर चढतो. कातडं त्यावर ताणायचं, शिवायचं, सुकू द्यायचं आणि शेवटी फर्मा आतून ओढून काढायचा. बाजारातल्या जोड्यांचे फर्मे हजारांनी एकासारखे एक असतात. या कारखान्यात मात्र ज्याचे त्याचे फर्मे वेगळे, कारण इथे यायची ती बाजारात न बसणारी पावलं. कुणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कुणाचा चवडा पंख्यासारखा पसरलेला, कुणाची टाच अपघातानंतर जागेवर राहिलेली नाही. अशा माणसाला जोडा नीट मिळाला तर तो कामावर जातो, नाही मिळाला तर घरात बसतो. मधलं काही नसतं.

पुढच्या खोलीत त्याची थोरली बहीण बसायची. सगळे तिला ताई म्हणत, कातडं आणून टाकणारा टेम्पोवालासुद्धा. वय एकाहत्तर, पण सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायची. गिऱ्हाइकांशी बोलणं, कातडं कापणं, शिवणं हे तिचं. लाकूड, त्यातून फर्मा कातायचं यंत्र आणि कॉम्प्युटर हे याचं. मधे एक दार होतं आणि ते बहुतेक वेळ अर्धं उघडं असे.

कामाच्या चिठ्ठ्या त्या कॉम्प्युटरमधूनच निघायच्या, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीवर सतरा मार्च. लोक हसायचे. गल्लोगल्ली पायी फिरणारी एक टपालवाली दर वर्षी नवा जोडा करून घ्यायची. ती म्हणायची, तुमच्याकडे आलं की मी नऊ वर्षांनी लहान होते, घरी जाऊन नवऱ्याला दाखवते चिठ्ठी. फर्मेवाला सांगायचा की घड्याळ बिघडलंय, जुनं यंत्र आहे, चालायचंच. ताई सुईवरची नजर न काढता म्हणायची, त्याचं घड्याळ लहानपणापासूनच तसं आहे.

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्याने कातायचं यंत्र आणि तो प्रोग्रॅम घेतला तेव्हा विकणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की पाऊल एकदा यात शिरलं की मरेपर्यंत जपलं जाईल, हवा तेव्हा फर्मा कातून घ्या, वापरा, फेकून द्या, पुन्हा काता. त्या वेळी कारखान्याच्या भिंती छतापर्यंत फर्म्यांनी भरलेल्या होत्या. त्याच्या वडिलांच्या हातचे, त्याच्या स्वतःच्या हातचे, एकेकावर पेन्सिलीने नाव. त्याने सहा महिने बसून प्रत्येक फर्मा मापून कॉम्प्युटरमध्ये घातला आणि मग लाकडं शेगडीत जाळली. दोन हिवाळे पुरली. ताईने एकदाच सांगितलं होतं की लाकूड खात नाही, पीत नाही, राहू दे भिंतीला. त्यावर तो म्हणाला होता, ताई, तू मागच्या जन्मातच राहा, मी पुढच्या जन्मात जातोय. ती शिवणाकडे वळली. शेगडीपुढे मात्र ती त्या दोन्ही हिवाळ्यांत एकदाही हात शेकायला आली नाही.

प्रोग्रॅमची मुदत दर वर्षी वाढवून घ्यावी लागे. दोन वर्षांनी तो बनवणारी कंपनीच बंद पडली. फोनवर शेवटचा जो माणूस भेटला तो स्वतःच दुसरी नोकरी शोधत होता. बिचाऱ्याने खरं ते सांगितलं. मुदत अठरा मार्चला संपते, वाढवून द्यायला आता कुणी उरलेलं नाही. रोज उघडायच्या आधी तारीख मागे घ्या. एकदा जरी त्याने पुढची तारीख पाहिली तर तो कायमचा मिटेल, मग तारीख मागे घेऊनही उघडणार नाही.

म्हणजे अकराशे चाळीस माणसांची पावलं एका कुलपात होती आणि ते कुलूप रोज थापा मारून उघडावं लागत होतं. हे फर्मेवाल्याने कुणाला सांगितलं नाही. लेकीला नाही, जावयाला नाही, ताईला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, याच्या मुठीत अकराशे चाळीस जोड्या होत्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मोठ्या हॉस्पिटलचं पत्र आलं.

हॉस्पिटल नव्या रुग्णांना यंत्राच्या काचेवर उभं करून त्यांच्या पायांची मापं घ्यायचं आणि पेन ड्राइव्हवर पाठवायचं. कारखान्याचं निम्म्याहून जास्त काम त्यातलं. पत्रात लिहिलं होतं की तीन महिन्यांनंतर पेन ड्राइव्ह बंद, मापं थेट नेटवरून येतील, त्यासाठी कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम हवी. जुनी असलेल्यांना मापं पाठवता येणार नाहीत, रुग्णांची माहिती सुरक्षित राहत नाही. पत्र लेकीने वाचून दाखवलं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आठवड्यातून दोनदा येऊन लिखापढीचं बघायची. वाचून झाल्यावर म्हणाली, बरं झालं, कधीतरी करायचंच होतं, यांना सांगते.

हे म्हणजे जावईबापू. एका मोठ्या ऑफिसातले तीनशे कॉम्प्युटर त्यांच्या हाताखाली होते. ते तीनशेच्या तीनशे त्यांनी एका शनिवार-रविवारात नव्या सिस्टिमवर नेले होते आणि सोमवारी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. माणूस हळू बोलणारा, स्क्रू काढला तर तो कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेनाने गोल करणारा. सासऱ्याला मामा म्हणायचा. असल्या जावयाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून फर्मेवाला आडवळणाने नाही म्हणू लागला.

आधी त्याने विजेचं कारण काढलं, इकडे दाब कमी-जास्त होतो, मधेच वीज गेली तर घोळ व्हायचा. जावईबापू दुसऱ्या दिवशी बॅटरीचा एक जड डबा घेऊन आले आणि तो टेबलाखाली बसवून गेले. मग त्याने डोळ्यांचं कारण काढलं. जावईबापूंनी सांगितलं की नव्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होतात, आणि आपल्या फोनवर करून दाखवली. मग कामाचा तुंबा. त्यावर लेक म्हणाली, रविवारी काय तुंबा असतो. शेवटी त्याने सांगितलं की कातायच्या यंत्राला या सिस्टिमची सवय झालीय. यावर जावईबापू हसले नाहीत, पण लेक हसली. म्हणाली, बाबा, बैल आहे का तो.

लोकांना वाटत होतं म्हातारा नव्याला भितो. शेजारचा कुलूपवाला तर येता-जाता त्याची फिरकी घ्यायचा, की अहो, आमच्या धंद्यात रोज नवं कुलूप येतं, आम्ही काय जुन्या किल्ल्या कवटाळून बसतो. फर्मेवाला आपलं काम करत राही. खरं तर या गल्लीत सगळ्यात आधी नव्यावर उडी त्यानेच मारली होती, आणि उडी मारायच्या आधी मागचा पूल स्वतःच्या हाताने जाळला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो हे खरं, पण हा कुठल्या दुधाने पोळलं तेच लपवून बसला होता, त्यामुळे ताक कशाला फुंकतोय ते कुणालाच कळत नव्हतं.

एका संध्याकाळी जावईबापू ऑफिसातून परस्पर आले. स्टूल ओढून समोर बसले आणि म्हणाले, “मामा, तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे ते सांगा. म्हणजे आधी त्याचाच बंदोबस्त करू.”

इतकं सरळ त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगून टाकावं असं वाटलंही. जावई माणूस शहाणा होता, गवगवा करणारा नव्हता. पण मधलं दार अर्धं उघडं होतं, आणि पलीकडे ताईचं शिलाई मशीन नेमकं त्याच वेळी थांबलं होतं.

“भीती कसली,” फर्मेवाला म्हणाला. “सवय.”

मशीन पुन्हा सुरू झालं. जावईबापूंनी मान हलवली. मग ठरलं ते असं, की या रविवारी सिस्टिम बदलायची नाही, फक्त आत जे आहे त्याची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून ठेवायची. नक्कल हाती असली की मामांच्या जिवाला शांतता मिळेल, मग पुढचं पुढे. नकलेला नाही म्हणायला फर्मेवाल्याला कारण सापडलं नाही. नक्कल झाली तर बरंच, असंही त्याला वाटलं.

रविवारी तो लवकर आला, नेहमीसारखी तारीख मागे नेली, प्रोग्रॅम उघडून पाहिला आणि बंद करून ठेवला. जावईबापू आल्यावर त्यांच्याशेजारीच स्टूल टाकून बसला. ठरवलं होतं की जागचं हलायचं नाही. नक्कल सुरू झाली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. तासभर दोघं तिच्याकडे बघत बसले. जावईबापूंनी ऑफिसातली एक गंमत सांगितली, याने ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात पुढून ताईने हाक मारली. एक निवृत्त शाळामास्तर दारात उभे होते, हातात जोडा, जोड्याचा तळ निम्मा उचकटलेला. मास्तरांचा एक पाय आखूड, त्यामुळे तो तळ तीन बोटं जाड. त्यांना तिथून लग्नाला जायचं होतं. एवढा जाड तळ दाबून बसवणं ताईच्या मनगटाचं काम राहिलं नव्हतं. फर्मेवाला उठला, सरस लावला, शिकंज्यात जोडा आवळला. दहा मिनिटं, फार तर बारा.

त्या दहा-बारा मिनिटांत जावईबापूंनी सावध माणसाने जे करायला हवं ते सगळं केलं. नक्कल पुरी झाली होती. ती नीट उतरली की नाही ते तपासताना त्यांना दिसलं की गेल्या नऊ वर्षांतलं एकूण एक पाऊल एकाच तारखेला केलेलं आहे. त्यांनी कोपऱ्यातली तारीख पाहिली. आतला बटणाएवढा सेल संपला की कॉम्प्युटरचं घड्याळ असं मागे पडतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तसा सेल त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, सेल बदलला, स्क्रू कागदावर गोलात ठेवून पुन्हा जागेवर बसवले, तारीख आजची केली. मामांना बरं वाटेल, असं त्यांच्या मनात होतं. मग पावलं उघडतात ना, एवढं बघायला त्यांनी प्रोग्रॅम उघडला.

फर्मेवाला हात पुसत आत आला तेव्हा पडद्यावर एक ओळ होती. वापराची मुदत संपली आहे. त्याखाली एकच बटण होतं : ठीक आहे.

तो स्टुलावर बसला. त्याने माउस हातात घेतला, तारीख मागे नेली, प्रोग्रॅम पुन्हा उघडला. तीच ओळ. पुन्हा केलं. तीच ओळ.

“तारीख तुम्ही बदललीत?”

“बंद पडली होती, मामा. सेल गेला होता, नवा घातला.”

“बंद नव्हती,” फर्मेवाला म्हणाला. “धरून ठेवली होती.”

मग त्याने हळू आवाजात, दाराकडे पाठ करून सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जावईबापूंनी नक्कल केलेली डिस्क उचलून पिशवीत टाकली. फर्मेवाल्याने त्यांना एवढंच सांगितलं की ताईच्या कानावर जाऊ देऊ नका.

दहा दिवस जावईबापू रोज ऑफिस सुटलं की डिस्क घेऊन बसत होते. ओळखीच्यांना विचारलं, अनोळखी लोकांना लिहिलं. नावांची यादी तेवढी निघाली, कारण प्रत्येक पाऊल त्या माणसाच्या नावाने साठवलेलं होतं. पण नावाच्या आत जे होतं ते दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमला वाचता येईना. दूरच्या एका माणसाने जमेल बहुधा असं कळवलं, दोनदा आणखी माहिती मागवली, मग त्याचं उत्तर येणं बंद झालं. अकराव्या दिवशी जावईबापू आले, डिस्क टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. माझ्या हातून झालं, म्हणाले. त्यावर फर्मेवाला म्हणाला की तुमच्या हातून फक्त शेवट झाला, बसा, चहा घ्या.

हे दहा दिवस तो ताईला काही ना काही सांगून थोपवत होता. यंत्राचा पट्टा सैल झालाय, लाकूड ओलं आहे. ताई हं म्हणायची. कुठला पट्टा, असं तिने विचारलं नाही.

अकराव्याच दिवशी दुपारी टपालवाली आली, वर्षाचा जोडा सांगायला. एरवी ती ताईशी बोलायची, रंग सांगायची आणि जायची. फर्मेवाल्याला तिला भेटावंच लागत नसे, पाऊल आत होतं. आज तो पुढच्या खोलीत आला आणि म्हणाला की पाय परत मापावे लागतील, जुनं माप गेलं. कसं गेलं ते सांगितलं नाही. तिने मोजे काढले. त्याने कागद पसरला, पेन्सिलीला टोक केलं, फीत काढली आणि तिच्यापुढे खाली बसला. अकरा वर्षांत तो कुणाच्या पायापाशी बसला नव्हता. हॉस्पिटलची पावलं काचेवरून यायची, जुनी कॉम्प्युटरमध्ये होती.

त्याने तिचं डावं पाऊल तळहातावर घेतलं आणि तसाच राहिला. अंगठ्याच्या मुळाशी हाड चांगलं बोटभर बाहेर आलं होतं. आतली कमान बसली होती. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटाखाली गेली होती. त्याने पेन्सिल फिरवली, फीत लावली, पुन्हा लावली.

“हा तो पाय नाही,” तो म्हणाला. “ज्याला मी जोडे करतोय तो हा नाही.”

“अहो, बारा वर्षं चालतेय मी त्याच्यावर, रोज चौदा किलोमीटर. तसाच कसा राहील?”

“मग जोडा चावत असेल.”

“पहिल्यांदा चावायचा. मग ताईंना सांगितलं. त्या फर्म्याला काहीतरी चिकटवून घेतात ना, तेव्हापासून नाही.” तिने ताईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तुम्हाला ठाऊक नाही?”

शिलाई मशीन थांबलेलंच होतं. ताईने दोरा तोडला. टपालवालीला काय ते उमगलं, तिने मोजे चढवले, तपकिरीच करा म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली.

फर्मेवाला तसाच खाली बसून राहिला, कागद पुढ्यात.

“किती जणांचं?” त्याने विचारलं.

“सुरुवातीला पाच-सहा. आता बहुतेकांचं. जिथे हाड वाढलं तिथे कातड्याचा तुकडा लावायचा, जिथे आत गेलं तिथे कानस मारायची. जोडा उतरला की तुकडा काढून पुढच्याला.”

“कुठे लिहून ठेवलंयस?”

“लिहायचं कशाला. ते आले की पाय बघते.”

“मला सांगायचं होतंस, ताई.”

“तू मला सतरा मार्च सांगितलास?”

तो वर बघू लागला. ताई उठून खुर्ची त्याच्याजवळ घेऊन बसली. नऊ वर्षं त्या चिठ्ठ्या माझ्याच हातून जातात, म्हणाली. आधी मलाही वाटायचं घड्याळ बिघडलंय. मग तुला तो ताप आला होता, उभं राहता येत नव्हतं, तरी तू शाल गुंडाळून तारीख मागे न्यायला आलास. बिघडलेल्या घड्याळासाठी कुणी तापात येत नाही. तेव्हा समजले की काहीतरी झाकून ठेवलंय. ठेवू दे म्हटलं.

“आणि तू? तू कशाला झाकलंस?”

“दोन हिवाळे तू शेगडीपुढे बसून एकेका फर्म्यावरचं नाव वाचायचास आणि आत टाकायचास,” ती म्हणाली. “त्याच्यानंतर तुला कुठल्या तोंडाने सांगू, की ज्याच्यासाठी जाळलंस ते चुकतंय? लोकांच्या पायाला बरं पडत होतं. तेवढं पुरे होतं.”

बाहेरून कुलूपवाल्याचं घासणं ऐकू येत होतं. मग फर्मेवाल्याने विचारलं की आता करायचं काय. ताई म्हणाली की ज्यांना पाय आहेत त्यांना बोलवायचं, दुसरं काय.

लेकीने डिस्कवरची नावांची यादी छापून आणली. अकराशे चाळीस. ताईने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि जे गेले त्यांच्यावर रेघ मारत सुटली. मधे मधे थांबून सांगायची की हा फार गोड माणूस, हिने आपल्याला आंबट चेहऱ्याने दर वेळी नावं ठेवली पण दुसरीकडे कधी गेली नाही. मग गाव सोडून गेलेले, मग पत्ता नसलेले. फोन करून करून खरे सापडले ते तीनशे ऐंशी. नऊ वर्षं फर्मेवाला ज्या कुलपापुढे राखण करत होता त्याच्या आत दोन तृतीयांश माणसं राहतच नव्हती.

जे होते ते सगळेच काही खूश होऊन आले नाहीत. एकाने विचारलं की परत माप द्यायचं तर तुमच्या त्या मशीनचा उपयोग काय झाला. एक बाई अंथरुणाला खिळलेली होती, तिने सांगितलं की मला आता जोडा लागत नाही, पण माप घ्यायला या, कुणी येत नाही. फर्मेवाला गेला, माप घेतलं. परदेशात मुलाकडे राहणाऱ्या एका म्हाताऱ्याला दर वर्षी इथून जोडा टपालाने जायचा. त्याला कागद आणि सूचना पाठवल्या. त्याने उघड्या पायाऐवजी जोड्यासकट पाय कागदावर ठेवून रेघ मारली. दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा दोन्ही डावेच पाय आले. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. ते पाऊल गेलं ते गेलंच. शाळामास्तरांचा पाय मात्र केसभरही बदललेला नव्हता. त्यांनी स्वतःच्या मापाची वही पहिल्यापासून घरी ठेवली होती आणि ती दाखवताना त्यांचा चेहरा निकाल लावल्यासारखा होता.

हॉस्पिटलने दिलेल्या मुदतीला चार दिवस उरले तेव्हा सिस्टिमचा विषय पुन्हा निघाला. या वेळी पाय मागे घेत होते ते जावईबापू. त्यांनी सांगितलं की मामा, थोडं थांबू या का, आधी मी सगळं लिहून काढतो, काय काय कशाला जोडलेलं आहे ते. कातायच्या यंत्राला नवा प्रोग्रॅम मिळतो म्हणतात, पण तो बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. त्यांनी चार पानं भरून प्रश्न आणले होते. फर्मेवाल्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि प्रत्येकाचं उत्तर दिलं, जे ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हणाला. मग दार उघडं ठेवून, ताईला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं की या नव्या प्रोग्रॅमची मुदत कधी संपते आणि संपल्यावर काय होतं. जावईबापूंनी यंत्र बनवणाऱ्यांना फोन लावून ते विचारून घेतलं. मुदत वर्षाची होती. संपली तर नवी मापं घेता येणार नाहीत, पण जुनी उघडतील. एवढं कळल्यावर फर्मेवाला म्हणाला, टाका.

सिस्टिम टाकायला एक दुपार लागली. पडदा निळा झाला, अक्षरं मोठी झाली, हॉस्पिटलची मापं बसल्या जागी येऊ लागली. फर्मेवाल्याला ते आवडलं असं म्हणता येणार नाही. बटणं सगळी हलली होती, आणि रोज सकाळी तो पडदा त्याला काहीतरी विचारायचा. तो वाचायचा, न कळलेलं कागदावर उतरवून ठेवायचा आणि लेक आली की तिला विचारायचा. जोडा उतरल्यावर फर्मे आता शेगडीकडे जात नव्हते, भिंतीला जात होते. ताई म्हणाली, जागा कुठाय. त्याने फळ्या मारल्या.

टपालवालीचा जोडा तयार झाला. या वेळी फर्मा दोघांनी मिळून केला होता. यंत्राने कातून दिला, त्याने कानस मारली, ताईने बोट फिरवून दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा काही म्हटलं नाही. टपालवाली आली, जोडा चढवला, नाड्या बांधल्या. फर्मेवाला तिला म्हणाला की कोपऱ्यापर्यंत जाऊन या. ती गेली. तो उंबऱ्यात उभा राहून बघत होता, भार कुठे पडतो, टाच आधी टेकते की कड. ती वळली, परत आली. त्याने तिला पुन्हा पाठवलं. कुलूपवाल्याने दुकानातून डोकं काढून विचारलं की बाईंना आज पत्रं वाटायचीत की परेड करायचीय.

दुसऱ्यांदा परत आल्यावर ती दारात थांबली. नेहमीच्या सवयीने तिने आत ताईकडे पाहिलं. ताई खाली मान घालून शिवत होती. मग टपालवाली फर्मेवाल्याकडे वळली.

“उजवा चावतोय,” ती म्हणाली. “करंगळीपाशी.”

“कुठे? बोट ठेवा.”

तिने वाकून बोट ठेवलं. त्याने तिथे खडूने खूण केली, जोडा काढून घेतला, आणि कातड्याचा एक तुकडा घेऊन भिंतीवरचा तिचा उजवा फर्मा खाली काढला.